श्रम, व्यायाम आणि फावला वेळ

"आम्ही दिवसभर शेतात राबतो, आम्हांला वेगळा व्यायाम कशाला हवा?" हा प्रश्न आरोग्यविषयक ग्रामसभेत हमखास विचारला जातो. त्याच सभेस उपस्थित असलेल्या तालुका कार्यालयातील कर्मचाऱ्याची समजूत याच्या अगदी उलट असते. आपण पहाटे अर्धा तास फिरून येतो, तेव्हा उरलेला दिवस खुर्चीत गेला तरी हरकत नाही, असे तो धरून चालतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि दोघांचेही म्हणणे अपुरे आहे. शरीराची हालचाल दिवसाच्या कोणत्या भागात, किती वेळ आणि कोणाच्या मर्जीने होते, यावर तिचे फळ पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे गेल्या सत्तर वर्षांतील संशोधनावरून दिसून आले आहे. गावपातळीवर आरोग्याचा सल्ला देणाऱ्या, तसेच सार्वजनिक पैसा खर्च करणाऱ्या मंडळींच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. तो लक्षात न घेता सर्वांना सरसकट 'व्यायाम करा' असे सांगितले, तर ज्यांना सल्ल्याची खरी गरज आहे त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. आणि ज्यांना गरज विश्रांतीची आहे, त्यांची ती थट्टा ठरते.

मराठीत या विषयाची थोडी गुंतागुंत भाषेपासूनच सुरू होते. तालमीतील पैलवान आपल्या जोर-बैठकांना 'मेहनत' म्हणतो आणि विहीर खोदणारा मजूर आपल्या कामालाही 'मेहनत'च म्हणतो. शास्त्राने मात्र या दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. १९८५ साली तीन अमेरिकी संशोधकांनी केलेल्या व्याख्या आज सर्वत्र मान्य आहेत. स्नायूंच्या योगाने होणारी आणि ऊर्जा खर्च करणारी कोणतीही हालचाल ही 'शारीरिक क्रियाशीलता' होय. शरीराची क्षमता वाढावी किंवा टिकावी या हेतूने, ठरवून, नियमाने आणि पुनःपुन्हा केलेली हालचाल म्हणजे 'व्यायाम'. अर्थात व्यायाम हा क्रियाशीलतेचा एक भाग आहे. ही क्रियाशीलता चार ठिकाणी घडते: उपजीविकेच्या कामात, घरकामात, जाण्यायेण्यात आणि फावल्या वेळात. पूर्वी पहिल्या तीन ठिकाणी ती आपोआप घडत असे. त्या ठिकाणांहून ती ओसरू लागली, तसतसा चौथ्या ठिकाणावरील भार वाढत गेला.

चालक आणि वाहक

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ व्यायामशाळेत झाला नाही. तो लंडनच्या दुमजली बसगाड्यांत झाला. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक आणि वाहक एकाच सेवेत, एकाच गाडीवर आणि बहुधा सारख्याच वस्तीत राहणारे होते. फरक एवढाच की चालक दिवसभर बसून असे, तर वाहक तिकिटे देत वरच्या मजल्यावर चढउतार करी. ही चढउतार दिवसाला पाचशेहून अधिक पायऱ्यांची होती. वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले आणि विकार झालाच तरी तो तुलनेने सौम्य असे. टपाल खात्यातही तसेच दिसले. पायी किंवा सायकलवरून टपाल वाटणारे पोस्टमन मेजावर काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

यावर एक शंका निघणे साहजिक होते. चालकाच्या नोकरीला मुळात स्थूल माणसेच जात असतील तर? मॉरिस यांनी ही शंका टाळली नाही. त्यांनी कर्मचाऱ्यांना दिल्या जाणाऱ्या गणवेशांच्या मापांच्या नोंदी मिळवल्या आणि १९५६ साली त्यांवर निबंधच लिहिला. प्रत्येक वयोगटात चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा अधिक भरला. म्हणजे शंकेत काही अर्थ होता. परंतु सगळा फरक तेवढ्याने उलगडत नव्हता. शिंप्याच्या मापांतूनही शास्त्राला साहाय्य होऊ शकते, याचे हे मासलेवाईक उदाहरण आहे.

पुढे मॉरिस यांच्या लक्षात आले की अंगमेहनतीच्या नोकऱ्या झपाट्याने कमी होत आहेत आणि उद्याचा बहुसंख्य माणूस बसूनच काम करणार आहे. मग त्याचे रक्षण कशाने होणार? १९६८ पासून त्यांनी ब्रिटिश सरकारच्या सुमारे १८,००० मध्यमवयीन पुरुष कर्मचाऱ्यांच्या फावल्या वेळातील हालचालींच्या नोंदी गोळा केल्या. हे सर्व मेजावर काम करणारे होते. त्यांच्यापैकी जे पोहणे, धावणे, वेगाने सायकल चालवणे यांसारखा जोरकस व्यायाम करीत, त्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण तसे न करणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळले. हा निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाला. कामातून गेलेली हालचाल फावल्या वेळातून काही अंशी भरून काढता येते, असा त्याचा अर्थ. मॉरिस स्वतः २००९ साली वयाच्या ९९व्या वर्षी निवर्तले.

कामाचे कष्ट आणि त्यांचे फळ

येथपर्यंत चित्र सरळ होते. बसवाहकाच्या पायऱ्या आणि कर्मचाऱ्याचे पोहणे, दोन्ही हृदयाला हितकारक. परंतु ज्यांचे काम खरोखर जड आहे, अशा माणसांकडे पाहिल्यावर ते तितकेसे सरळ राहिले नाही. कोपनहेगन शहर व परिसरातील १,०४,०४६ प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फावल्या वेळात अतिशय क्रियाशील असणाऱ्यांचा मृत्युदर निष्क्रिय माणसांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. उलट नोकरीत अतिशय जड शारीरिक काम करणाऱ्यांचा मृत्युदर बैठे काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे २७ टक्क्यांनी अधिक भरला. उत्पन्न, शिक्षण, धूम्रपान इत्यादींचा प्रभाव हिशेबात घेऊनही हा फरक उरला. संशोधक यास क्रियाशीलतेचा विरोधाभास म्हणतात.

असे का घडावे? पैलवान किंवा पोहणारा माणूस अर्धा-पाऊण तास हृदयावर चांगला ताण देतो, मग थांबतो, खातो आणि झोपतो. हृदय बळकट होण्याची क्रिया या थांबण्याच्या काळातच होत असते. हमालाला किंवा बांधकामावरील मजुराला थांबण्याची मोकळीक नसते. त्याचे श्रम आठ-दहा तास चालतात. त्यांचा जोर हृदयाची क्षमता वाढवण्याइतका बहुधा नसतो, पण हृदयाला विसावा मिळू न देण्याइतका असतो. ओझे उचलताना आणि वाकून, अवघडून एकाच स्थितीत काम करताना रक्तदाब वाढतो. उन्हाचा ताप, अपुरे पाणी आणि अपुरे अन्न यांची त्यात भर पडते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर राहावेच लागते.

या मताला सर्वच संशोधकांची संमती आहे असे नाही. भारतासह १७ देशांतील सुमारे १,३०,००० स्त्रीपुरुषांच्या आणखी एका पाहणीत, जी २०१७ साली प्रसिद्ध झाली, कामातील, घरातील आणि फावल्या वेळातील अशी सर्वच क्रियाशीलता हितकारक आढळली. डेन्मार्कसारख्या संपन्न देशातील नियम आपल्याकडे जसाच्या तसा लावता येणार नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल. दोन्ही पाहण्या एकत्र वाचल्या म्हणजे असे वाटते की, शेतात चालणे, पेरणे, खुरपणे अशी हालचाल लाभदायकच आहे. प्रश्न आहे तो अतिश्रमाचा आणि विसाव्याच्या अभावाचा.

आपल्या राज्यातील एक अभ्यास या दृष्टीने फार बोलका आहे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांच्या पोषणाची दीर्घकालीन पाहणी करण्यात आली. तिच्यात सुमारे ८०० गर्भवतींच्या दैनंदिन श्रमांच्याही नोंदी होत्या: शेतीकाम, घरकाम, विहिरीवरून पाणी आणणे. या मातांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन ४२ किलोग्रॅमच्या आसपास होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, गरोदरपणी ज्यांचे श्रम अधिक होते त्यांची बाळे जन्मतः सरासरीने लहान होती. त्या स्त्रिया 'क्रियाशील' होत्या यात शंका नाही. पण त्या क्रियाशीलतेचा खर्च कोणाच्या वाढीतून भागवला जात होता, हे बाळाच्या वजनाने सांगितले. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणारे जोडपे पहाटेच कोयता घेऊन फडात उतरते आणि स्त्री डोक्यावरून उसाच्या मोळ्या वाहते. तिला आरोग्यदिनी व्यायामाचे महत्त्व सांगणाऱ्या वक्त्याने हा अभ्यास ध्यानात ठेवावा. तिला पाणी जवळ हवे, जेवण पुरेसे हवे आणि विसावा हवा. गरोदरपणी जड काम टळले पाहिजे, ही तर पहिली गोष्ट.

फावला वेळ कोणाला फावतो?

आपल्याकडील आकडे काय सांगतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगढ येथील १४,२२७ प्रौढांची पाहणी झाली. तिचे या विषयावरील निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकूण ५४.४ टक्के प्रौढ अपुरे क्रियाशील होते. शहरी भागात हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. खेड्यातील माणूस कष्टाळूच असतो, या समजुतीला हा ५० टक्क्यांचा आकडा धक्का देणारा आहे. त्याहून विचार करण्याजोगा आकडा असा की, महाराष्ट्रातील ९१.३ टक्के प्रौढ फावल्या वेळात कोणताही व्यायाम किंवा खेळ करीत नव्हते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ अपुरे क्रियाशील होते. २००० साली हे प्रमाण २२ टक्क्यांच्या घरात होते. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के असे विभागलेले आहे.

कारणे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. मोटेची जागा विद्युत पंपाने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने, जात्याची पिठाच्या गिरणीने आणि पाट्या-वरवंट्याची मिक्सरने. सायकलीच्या जागी दुचाकी आली आणि गावातल्या गावात दूध घालायलाही ती बाहेर निघू लागली. या बदलांबद्दल हळहळणारी भाषणे अधूनमधून कानी पडतात. जात्याच्या व्यायामाची थोरवी गाणारे बहुधा स्वतः जात्यावर बसलेले नसतात. पहाटे उठून पायली पायली दळणे हा स्त्रियांच्या आयुष्याचा मोठा जाच होता. तो गेला हे उत्तमच झाले. वाचलेल्या त्या वेळाचे आणि शक्तीचे पुढे काय झाले, हा खरा विचार करण्याचा मुद्दा आहे.

केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामासाठी ते करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. म्हणजे यंत्रे येऊनही स्त्रीचा वेळ मोकळा झालेला नाही. श्रमाचा जोर मात्र कमी झाला. ओट्यापाशी उभे राहणे, भांडी, कपडे, मुलांचे करणे यांत दिवस जातो. थकवा येतो, परंतु हृदयाला आणि स्नायूंना लाभ व्हावा इतकी हालचाल त्यात असतेच असे नाही. फावल्या वेळातील व्यायामाचा सल्ला अशा स्त्रीला देताना तो वेळ तिला कोण देणार, हेही घरातील पुरुषांना विचारले पाहिजे.

महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा थोर आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचे आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार हे जीवितकार्य मानले. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाभ्यासाला प्रयोगशाळेची जोड दिली. गावोगावच्या तालमींनी पिढ्या घडवल्या. तथापि तालीम ही मुख्यतः तरुण पुरुषांची जागा राहिली. चाळिशी उलटलेला शिक्षक, पन्नाशीची गृहिणी यांच्यासाठी गावात काय आहे, असे विचारले तर उत्तर देणे कठीण जाते.

हिशेब थोडा मांडून पाहू

स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च १ मानला, तर घरात किंवा कार्यालयात सावकाश हिंडण्याफिरण्याचा खर्च सुमारे २ आणि झपझप चालण्याचा सुमारे ४ येतो. आता एखादा कर्मचारी पहाटे अर्धा तास झपझप चालला, तर बसण्यापेक्षा त्याचा जादा खर्च ३ गुणिले ३० म्हणजे ९० एकके झाला. दुसरा कर्मचारी फिरायला गेला नाही, परंतु दिवसभरात मिळून तीन तास उठला, हिंडला, धारिका स्वतः नेऊन दिली, बाजारात पायी गेला. त्याचा जादा खर्च १ गुणिले १८० म्हणजे १८० एकके झाला, पहिल्याच्या दुप्पट. तेव्हा दिवसातील किरकोळ हालचाल किरकोळ नसते.

तरीही पहिल्याला मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही. झपझप चालण्याने श्वास वाढतो, हृदयाला त्याच्या नित्याच्या कामापेक्षा अधिक काम पडते आणि त्यायोगे त्याची क्षमता वाढते. सावकाश हिंडण्याने तेवढी वाढत नाही. उलटपक्षी, अर्धा तास चालून उरलेला दिवस खुर्चीत घालवणाऱ्याचा लाभ काही अंशी उणावतो. दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ साली झाले. त्यात असे दिसले की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसण्यामुळे वाढणारा मृत्यूचा धोका पुसून टाकण्यास रोज ६० ते ७५ मिनिटांची मध्यम क्रियाशीलता लागते. अर्ध्या तासाने तो कमी होतो, नाहीसा होत नाही. म्हणून बैठे काम करणाऱ्याला दोन्ही गोष्टी हव्यात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेला मार्गदर्शक आकडा असा: प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस क्रियाशीलता साधावी आणि किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. बैठका, जोर, सूर्यनमस्कार यांनी हे दुसरे काम विनाखर्च होते. पासष्टीपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत, कारण त्या वयात पडणे फार महागात पडते. मध्यम म्हणजे किती, हे ओळखण्याची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल मोजू नये असा दंडक होता. तो आता काढून टाकण्यात आला आहे. जिने चढण्याची दोन मिनिटेही जमेस धरली जातात. रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा समज मात्र १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. अलीकडील विश्लेषणानुसार साठीपुढील माणसांना सहा ते आठ हजार पावलांपर्यंतच बहुतांश लाभ मिळून जातो. ज्याला तेवढीही जमत नाहीत, त्याची तीन हजारांची चार हजार झाली तरी फायदा आहेच.

पंचायतीच्या हातातील गोष्टी

अनेक ग्रामपंचायतींनी खुल्या व्यायामशाळेची साधने बसवली आहेत. ती वापरात असतील तर चांगलेच. परंतु ती कोठे बसवली आहेत, तेथे सायंकाळी दिवा असतो काय आणि स्त्रिया तेथे संकोच न बाळगता जाऊ शकतात काय, हे पाहणे साधनांच्या खरेदीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. गावाबाहेरच्या रस्त्याच्या कडेला चालण्यापुरती सपाट पट्टी, तिच्यावर सावलीची झाडे आणि मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त एवढ्याने कितीतरी माणसे चालू लागतात. शाळेचे मैदान शाळा सुटल्यानंतर कुलूपबंद असते. शाळा व्यवस्थापन समिती आणि पंचायत यांनी ठराव करून सायंकाळचा एक तास ते स्त्रियांसाठी खुले ठेवले, तर त्यास फारसा खर्च नाही. किल्ली कोणाकडे राहील, एवढेच ठरवावे लागते.

गावाची आरोग्यविषयक माहिती गोळा करताना 'आपण व्यायाम करता का?' हा एकच प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर ऊसतोड कामगार आणि किराणा दुकानदार दोघेही 'नाही' असेच देतील. काम कोणते, घरात काय करावे लागते, जाणेयेणे कसे होते आणि मोकळा वेळ किती मिळतो, असे चार प्रश्न विचारले म्हणजे कोणाला मैदान हवे आणि कोणाला नळ हवा, ते वेगवेगळे दिसू लागते. चाळिशीनंतर प्रथमच जोरकस व्यायाम सुरू करणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा छातीत दुखण्याची तक्रार असणाऱ्यांनी, आधी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी; साधे चालणे मात्र बहुतेकांना आपल्या बेताने हळूहळू वाढवीत नेता येते.